विश्लेषण : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा हिशेब दहा वर्षांनी कसा लागतो?

'मुंजारो' आणि 'वेगोव्ही' ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली आणि लठ्ठपणावरील उपचारांची चर्चा घरोघरी पोहोचली. या चर्चेत त्याहून जुना आणि अधिक परिणामकारक उपाय काहीसा मागे पडला. तो म्हणजे बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया. जाहिरातींमध्ये या शस्त्रक्रियेची ओळख 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन छायाचित्रांतून करून दिली जाते. 'नंतर'चे छायाचित्र बहुधा वर्ष-दीड वर्षाने काढलेले असते. त्यापुढची दहा-वीस वर्षे कशी जातात, घटलेले वजन टिकते का, मधुमेह परत येतो का, कोणते नवे त्रास मागे लागतात, या प्रश्नांची उत्तरे आता दीर्घकालीन अभ्यासांतून मिळू लागली आहेत. ती दिलासादायक आहेत, पण बिनशर्त नाहीत.

शस्त्रक्रियेत नेमके काय केले जाते?

सध्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात आणि त्या दुर्बिणीद्वारे केल्या जातात. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवली जाते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. भारतात 'मिनी बायपास' म्हणून ओळखला जाणारा, एकच जोड असलेला प्रकारही बराच रूढ आहे.

पोट लहान झाल्याने माणूस कमी खातो, एवढेच यामागचे गणित नाही. आतड्यातून आणि जठरातून स्रवणारी भूक व तृप्तीची संप्रेरके बदलतात. भूक मंदावते, पोट भरल्याची भावना लवकर येते आणि इन्शुलिनचे काम सुधारते. म्हणूनच अनेक मधुमेहींची साखर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये आणि अरुण जेटली यांच्यावर २०१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून देशात हा उपचार सर्वसामान्यांच्याही माहितीचा झाला.

घटलेले वजन किती काळ टिकते?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास स्वीडनचा आहे. 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' नावाने १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० आणि शस्त्रक्रियेविना नेहमीचे उपचार घेणाऱ्या २०३७ लठ्ठ व्यक्तींची तुलना करण्यात आली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के होती. दुसऱ्या गटाचे वजन या संपूर्ण काळात जवळपास आहे तिथेच राहिले. या अभ्यासातील बहुतेक शस्त्रक्रिया आता मागे पडलेल्या जुन्या पद्धतीच्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे.

अमेरिकेतील युटा राज्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचा बारा वर्षे पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो वजन घटले होते, बारा वर्षांनी घट ३५ किलो उरली. फिनलंडमधील 'स्लीव्हपास' चाचणीत स्लीव्ह आणि बायपासची थेट तुलना झाली. दहा वर्षांनंतर स्लीव्ह झालेल्यांचे 'अतिरिक्त' वजन सुमारे ४३ टक्क्यांनी, तर बायपास झालेल्यांचे सुमारे ५१ टक्क्यांनी कमी होते. येथे 'अतिरिक्त' हा शब्द महत्त्वाचा. आदर्श वजनापेक्षा जे जास्त आहे, त्याची ही टक्केवारी असते, एकूण वजनाची नव्हे. समजा, १२० किलोच्या व्यक्तीचे आदर्श वजन ७० किलो आहे. तिचे अतिरिक्त वजन ५० टक्क्यांनी घटले म्हणजे २५ किलो कमी झाले, ६० किलो नव्हे. रुग्णालयाच्या माहितीपत्रकातला आकडा कोणता आहे, हे विचारणे म्हणूनच गरजेचे असते.

सारांश असा, की पहिली दोन वर्षे वजन वेगाने उतरते, नंतर काही किलो परत येतात आणि बहुसंख्यांचे वजन मूळ वजनाच्या बरेच खाली स्थिरावते. काहींचे मात्र बरेचसे वजन परत येते. ती त्यांची आळशीवृत्ती असे समजणे चुकीचे आहे. गमावलेले वजन परत मिळवण्याची शरीराची धडपड शस्त्रक्रियेने मंदावते, थांबत नाही.

मधुमेह कायमचा जातो का?

'मधुमेहापासून कायमची मुक्ती' हा या क्षेत्रातील सर्वांत विकला जाणारा दावा आहे आणि दीर्घकालीन आकड्यांपुढे तो टिकत नाही. औषधाशिवाय साखर मर्यादेत राहण्याला डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात. स्वीडनच्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही या अवस्थेत होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या गटात ते १६ वरून साडेसहा टक्क्यांवर घसरले होते. अमेरिकेतील चार चाचण्यांमधील २६२ रुग्णांची एकत्रित माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सात वर्षांनी शस्त्रक्रिया गटातील १८ टक्के, तर औषधे व जीवनशैली बदलाच्या गटातील ६ टक्के रुग्ण रेमिशनमध्ये होते. बारा वर्षांनी हे आकडे अनुक्रमे सुमारे १३ टक्के आणि शून्य झाले.

मग शस्त्रक्रिया फसली असे म्हणायचे का? तसे नाही. मधुमेह परतला तरी तो बहुधा आधीपेक्षा सौम्य असतो आणि कमी औषधांत आटोक्यात राहतो. स्वीडनमध्ये डोळे, मूत्रपिंड आणि नसांवर होणाऱ्या मधुमेहाच्या दुष्परिणामांचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये निम्म्यावर आले. काही वर्षे साखर नीट राहिली, तर त्याचा लाभ शरीराला पुढेही मिळत राहतो. लाभ कोणाला अधिक, हेही स्पष्ट होत आहे. मधुमेह अलीकडचा असेल आणि इन्शुलिन सुरू झाले नसेल, तर रेमिशन टिकण्याची शक्यता जास्त असते. पंधरा-वीस वर्षे जुना मधुमेह आणि इन्शुलिनच्या मोठ्या मात्रा असतील, तर ती कमी होते.

आयुष्य वाढते का?

होय, सरासरीने वाढते. स्वीडनच्या अभ्यासाचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की शस्त्रक्रिया झालेल्यांचे अपेक्षित आयुर्मान शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा तीन वर्षांनी अधिक होते. पण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. शस्त्रक्रियेने धोका घटतो, पुसला जात नाही, हे या दोन आकड्यांवरून कळते. कर्करोगाबाबतही चित्र आशादायक आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२२ मधील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये लठ्ठपणाशी निगडित कर्करोगांचा धोका ३२ टक्क्यांनी कमी आढळला.

अर्थात, हे दोन्ही अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या नाहीत. शस्त्रक्रियेला तयार होणारी व्यक्ती प्रकृतीची काळजी घेण्यातही पुढे असू शकते. तरीही वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवतात, त्यामुळे लाभ खरा आहे याबद्दल तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही.

शस्त्रक्रियेचा तात्काळ धोका किती?

सर्वसाधारण समजुतीपेक्षा कमी. अमेरिकेतील दहा रुग्णालयांमधील ४७७६ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात पहिल्या तीस दिवसांत ०.३ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला होता. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायांतील किंवा फुप्फुसातील रक्ताची गुठळी या सुरुवातीच्या काळातील मुख्य गुंतागुंती. शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढलेली नाडी, पोटात किंवा खांद्यात दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर ती अंगावर काढता कामा नये. फार मोठे वजन, हृदय व मूत्रपिंडाचे विकार, धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. या टप्प्यावर मात्र रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली असतो. खरी कसोटी नंतर सुरू होते.

काही वर्षांनी कोणते त्रास उद्भवू शकतात?

स्लीव्हनंतरचा सर्वांत मोठा प्रश्न आम्लपित्ताचा आहे. जठराची अरुंद नळी झाल्याने आतला दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेत चढते. 'स्लीव्हपास'मध्ये दहा वर्षांनी स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज आढळली, बायपास झालेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होते. अनेकांना जळजळ जाणवत नाही, तरीही आत दाह सुरू असतो. म्हणून स्लीव्ह किंवा मिनी बायपासनंतर एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एण्डोस्कोपी करावी, अशी आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. ज्यांना आधीपासूनच तीव्र आम्लपित्त आहे, त्यांच्यासाठी स्लीव्ह सहसा योग्य पर्याय ठरत नाही. त्रास फारच वाढला तर स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करावे लागते, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया.

बायपासनंतरची धोक्याची गोष्ट म्हणजे अंतर्गत हर्निया. आतड्यांची नवी जोडणी करताना पोटात फटी तयार होतात. वजन घटले आणि पोटातील चरबी वितळली की त्या रुंदावतात आणि आतड्याचा वेढा त्यात अडकू शकतो. हे शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही घडू शकते. त्या वेळी रुग्ण गावी किंवा प्रवासात असतो आणि पोटदुखीला 'गॅस' समजून गोळ्या घेतल्या जातात. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत जिवावर बेतते. बायपास झालेल्या व्यक्तीच्या पोटात अचानक तीव्र कळा आल्या तर तातडीने शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जाणे आणि शस्त्रक्रियेचा इतिहास सर्वांत आधी सांगणे आवश्यक ठरते.

बायपासच्या जोडावर व्रणही होऊ शकतो. तंबाखू, धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या आपल्याकडे मेडिकल दुकानातून सहज मिळतात. गुडघे दुखतात म्हणून त्या सर्रास घेतल्या जातात. बायपास झालेल्यांनी त्या टाळायच्या असतात, पण शस्त्रक्रियेला पाच वर्षे उलटल्यावर ही सूचना किती जणांच्या लक्षात राहते, हा प्रश्न आहे.

याशिवाय वेगाने वजन घटताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पहिले काही महिने प्रतिबंधक औषध दिले जाते. बायपासनंतर मुतखड्याचा धोकाही वाढतो. गोड खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब होणे याला 'डंपिंग' म्हणतात. काहींची साखर जेवणानंतर एक ते तीन तासांत एकदम खाली जाते आणि भोवळ येते. वाहन चालवणाऱ्यांसाठी हे धोकादायक आहे. लोंबणाऱ्या त्वचेचा प्रश्न जिवावरचा नसला तरी घामोळे, जंतुसंसर्ग आणि संकोच यांमुळे रोजचा जाच ठरतो.

पोषणाचा प्रश्न भारतात अधिक गंभीर का?

कारण आपली सुरुवातच तुटीपासून होते. बी१२ जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतून मिळते, त्यामुळे शाकाहारी लोकांत ते मुळातच कमी असते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील नेहमीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास ते आणखी घटते. भरपूर ऊन असूनही 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सार्वत्रिक आहे. स्त्रियांमध्ये रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा शरीरावर शस्त्रक्रिया होते. जठराचे आम्ल कमी झाल्याने बी१२ आणि लोह नीट शोषले जात नाही. बायपासमध्ये तर लोह आणि कॅल्शियम जिथे सर्वाधिक शोषले जाते तो आतड्याचा भागच वगळला जातो.

या तुटीचे वैशिष्ट्य म्हणजे ती उशिरा दिसते. बी१२ चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षे पुरतो. त्यामुळे पहिल्या वर्षी तपासणी ठीक येते, रुग्ण गोळ्या सोडतो आणि तीन-चार वर्षांनी पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा सुरू होतो. नसांचे नुकसान फार काळ चालू राहिले तर ते पूर्ण भरून येत नाही. हाडांचेही तसेच. स्वीडनच्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण अधिक आढळले. अमेरिकेतील चार चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातही रक्तक्षय आणि अस्थिभंग शस्त्रक्रिया गटात जास्त होते. मिनी बायपास आणि नेहमीचा बायपास यांची तुलना करणाऱ्या फ्रान्समधील २०१९ च्या चाचणीत वजन जवळपास सारखेच घटले, पण पोषणाशी संबंधित गंभीर गुंतागुंती मिनी बायपासच्या गटातच दिसल्या.

एक तूट मात्र काही आठवड्यांतच घात करते. ती बी१ म्हणजे थायामिनची. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. नजर दुहेरी होणे, चालताना झोक जाणे, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायामिन देणे आवश्यक असते, अन्यथा प्रकृती आणखी बिघडू शकते.

त्यामुळे बहुजीवनसत्त्वे, बी१२, 'ड', लोह आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे आयुष्यभराचे औषध समजायचे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. मूठभर जेवणातून ती मिळवायची तर आधी डाळ, उसळ, पनीर, अंडी किंवा मासे आणि मग भाकरी-भात, असा ताटातला क्रमच बदलावा लागतो.

मद्य आणि मन यांचा संबंध काय?

शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात वेगाने उतरते आणि पूर्वीपेक्षा कमी मात्रेत जास्त चढते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपासनंतर पाच वर्षांत सुमारे २१ टक्के लोकांमध्ये मद्यविकाराची लक्षणे नव्याने दिसली. युटातील २००७ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी, तर मधुमेहामुळे होणारे ९२ टक्क्यांनी कमी झाले होते. मात्र, अपघात आणि आत्महत्यांसारखे आजाराशी संबंध नसलेले मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते.

याची कारणे एकच एक नाहीत. खाणे हा अनेकांचा ताण हलका करण्याचा मार्ग असतो. तो एका दिवसात बंद होतो, पण ताण राहतोच. वजन घटले की आयुष्य सुटसुटीत होईल ही अपेक्षा पूर्ण होत नाही. नातेसंबंध बदलतात, वजन परत वाढू लागले की अपराधी वाटते. शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट अनेक ठिकाणी कागदोपत्री उरकली जाते. नंतरच्या वर्षांत तिची गरज जास्त असते.

तरुण स्त्रियांनी कोणती काळजी घ्यावी?

लठ्ठपणामुळे अनियमित झालेली पाळी शस्त्रक्रियेनंतर लवकर सुरळीत होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण कमी होऊ शकते. त्यामुळे अनपेक्षित गर्भधारणा होते, तीही वजन वेगाने घटत असताना. पहिले वर्ष ते दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला याचसाठी दिला जातो. स्वीडनमधील २०१५ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मातांमध्ये गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण ६.८ वरून १.९ टक्क्यांवर आले. पण अपेक्षेपेक्षा लहान बाळे जन्मण्याचे प्रमाण ७.६ ऐवजी १५.६ टक्के होते. गर्भावस्थेत साखर तपासण्यासाठी ग्लुकोजचे पाणी दिले जाते, त्याने बायपास झालेल्या स्त्रीला डंपिंगचा त्रास होऊ शकतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना शस्त्रक्रियेची कल्पना देणे गरजेचे आहे. लग्न जमवताना ही गोष्ट झाकून ठेवली जाते आणि पुढे बाळंतपणातही ती झाकलेलीच राहते. हा धोका टाळता येण्याजोगा आहे.

इंजेक्शन आल्यावर शस्त्रक्रियेची गरज उरली का?

सेमाग्लुटाइडने सुमारे सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने सुमारे दीड वर्षात २१ टक्क्यांपर्यंत वजन घटल्याचे चाचण्यांत दिसले. हे आकडे शस्त्रक्रियेच्या जवळ जाणारे आहेत. मात्र, सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणजे औषध चालू तोवर परिणाम. शिवाय वीस वर्षांचा पाठपुरावा आज फक्त शस्त्रक्रियेच्याच पाठीशी आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. स्वस्त पर्याय आल्यावर अनेकांसाठी, विशेषतः मध्यम लठ्ठपणात, औषध हाच पहिला टप्पा ठरेल. अतितीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रियेचे स्थान कायम राहील. शस्त्रक्रियेनंतर परत वाढणारे वजन रोखण्यासाठीही ही औषधे वापरली जात आहेत. या दोन उपायांत स्पर्धेपेक्षा जोडीचे नाते असेल.

भारतात अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पात्रतेची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. त्यामुळे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा विचार 'बीएमआय' २७.५ पासून करण्याची मुभा दिली. भारतीय विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाण अटी मात्र वेगळ्या आहेत. 'बीएमआय' ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार, अशा रुग्णांनाच विमा लागू होतो. पाच फूट तीन इंच म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो, ३५ म्हणजे ९० किलो आणि ४० म्हणजे १०२ किलो. वैद्यकीय सल्ला आणि विमा यांच्यातील या दरीत सापडलेल्या रुग्णाला खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, ती पाठपुराव्याची. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था भक्कम असलेल्या फ्रान्समध्येही शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी ८७ टक्के रुग्ण शल्यचिकित्सकांना भेटले, पाचव्या वर्षी हे प्रमाण जेमतेम ३० टक्के उरले. आपल्याकडे शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते आणि रुग्ण जळगाव, नांदेड किंवा रत्नागिरीला परततो. तेथील कुटुंब डॉक्टरांना कोणत्या चाचण्या कधी करायच्या, याची कल्पना असतेच असे नाही. विमा शस्त्रक्रियेचे बिल देतो, पुढच्या वीस वर्षांच्या रक्तचाचण्या आणि गोळ्यांचे देत नाही. स्वीडनमध्ये २००७ पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. आपल्याकडे ती बंधनकारक नाही. त्यामुळे भारतीय आहार, शाकाहार आणि मिनी बायपासचे वाढते प्रमाण यांचा वीस वर्षांनी काय परिणाम होईल, हे आपल्याला परदेशी आकड्यांवरून अदमासाने ओळखावे लागते.

याचे महत्त्व या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच आहे. १९५० च्या दशकात आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया सुरू झाली, वजन झपाट्याने घटले. पुढे यकृत निकामी होणे आणि तीव्र कुपोषण दिसू लागल्यावर ती सोडून द्यावी लागली. नंतर जठराला पट्टा बांधण्याची पद्धत सोपी आणि सुरक्षित म्हणून गाजली, पण अनेकांचे पट्टे काढावे लागले आणि तीही मागे पडली. दोन्ही वेळा खरे उत्तर पहिल्या दोन वर्षांनी नव्हे, तर नंतरच्या वर्षांनी दिले.

निर्णय घेण्यापूर्वी काय विचारावे?

सांगितला जाणारा यशाचा आकडा दोन वर्षांचा आहे की दहा वर्षांचा? टक्केवारी एकूण वजनाची आहे की अतिरिक्त वजनाची? आम्लपित्त, मधुमेहाचे वय आणि आहार पाहता माझ्यासाठी हाच प्रकार का? आहारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या पथकात आहेत का आणि ते पाचव्या वर्षीही भेटतील का? दरवर्षीच्या चाचण्या व गोळ्यांचा खर्च किती? रात्री-अपरात्री पोटात कळ आली तर कोणाला फोन करायचा? या प्रश्नांची लेखी उत्तरे मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी प्रकार, तारीख आणि टाळायची औषधे लिहिलेला कागद पाकिटात ठेवावा आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवून घरच्यांनाही पाठवावे.

लठ्ठपणा हा वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे आणि बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया हा त्यावरचा आज उपलब्ध असलेला सर्वांत टिकाऊ उपाय आहे. तो योग्य रुग्णाला वेळेत मिळायला हवा. पण शल्यचिकित्सकाचे काम दोन-तीन तासांत संपते, रुग्णाचे तिथून सुरू होते. त्याची साथ देणारी व्यवस्था उभी राहत नाही, तोवर या उपचाराचा निम्मा लाभ वाटेतच गळत राहील.